जॉर्ज सायमन ओहम : सेलची ताकद मोजायला शिकवणारा शाळामास्तर



घड्याळातला पेन्सिल सेल आणि बॅटरीतला (म्हणजे टॉर्चमधला) जाडजूड सेल एकाशेजारी एक ठेवा आणि मुलांना विचारा, यातला जास्त ताकदीचा कोणता? बहुतेक सगळे हात मोठ्या सेलकडे जातील. दोन्हींवर १.५ व्होल्ट छापलेलं असलं तरी जातील. हे तपासायचं कसं? डोळ्यांनी वीज दिसत नाही, हाताने वजन करता येत नाही. दोन सेलची तुलना करायची तर परिपथच जोडावा लागतो, आणि त्या परिपथात काय चाललंय ते समजावं लागतं.

ही समज आपल्याला ज्याने दिली तो माणूस आपल्यासारखाच शाळेत शिकवणारा होता. त्याचं नाव जॉर्ज सायमन ओहम. माध्यमिकच्या विज्ञानाच्या पुस्तकात त्याचा नियम एका ओळीत येतो आणि मुलं ती ओळ पाठ करतात. त्या एका ओळीमागे आयुष्याची किती वर्षं गेली, ते आज पाहू. शेवटी वर्गात करता येईल अशी कृतीही दिली आहे.

कुलूपवाल्याचा मुलगा

ओहमचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी एर्लांगेन या गावी झाला. हे गाव आज जर्मनीच्या बव्हेरिया राज्यात आहे. वडील योहान वोल्फगांग हे कुलपं तयार करणारे कारागीर. शाळा-कॉलेजचं शिक्षण नाही, पण स्वतःच्या हौसेने त्यांनी गणित, भौतिकशास्त्र, तत्त्वज्ञान असं बरंच वाचून काढलं होतं. घरात सात मुलं झाली, त्यातली तीनच जगली. जॉर्ज, धाकटा मार्टिन आणि बहीण एलिझाबेथ. जॉर्ज दहा वर्षांचा असताना आई गेली.

वडिलांनी मुलांना घरीच शिकवलं. गावातल्या शाळेत विज्ञान जेमतेमच होतं, गणिताचा खरा पाया घातला तो वडिलांनी. लॅंग्सडॉर्फ नावाच्या विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी पंधरा वर्षांच्या जॉर्जची परीक्षा घेतली आणि ते थक्क झाले. या घरातली दोन भावंडं बर्नूली कुटुंबातल्या गणितज्ञांसारखी निघतील असं त्यांना वाटलं. पुढे मार्टिन खरोखरच गणिताचा प्राध्यापक झाला.

पालकांनी इथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या बापाने मुलांना पुस्तकाबरोबर हत्यारंही हातात दिली. लोखंड कापणं, घासणं, तार ओढणं, नेमकं माप घेणं हे जॉर्जने लहानपणीच पाहिलं होतं. पुढे स्वतःची उपकरणं स्वतः तयार करायची वेळ आली तेव्हा हे शिक्षण कामाला आलं.

१८०५ साली तो एर्लांगेनच्या विद्यापीठात गेला. तिथे मात्र अभ्यासापेक्षा नाच, बर्फावरचं स्केटिंग आणि बिलियर्ड्स यातच जास्त रमला. आपल्याला जे शिकायला मिळालं नाही ते मुलाला मिळतंय आणि तो वेळ घालवतोय, हे बघून वडील संतापले. तीन सत्रांनंतर विद्यापीठ सुटलं. १८०६ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, जॉर्ज स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत गणिताचा मास्तर म्हणून रुजू झाला.

नोकरी, बदली आणि गर्दीचे वर्ग

पुढची कहाणी आपल्यापैकी अनेकांना ओळखीची वाटेल. शाळेत शिकवायचं, खाजगी शिकवण्या घ्यायच्या आणि रात्री स्वतःचा अभ्यास करायचा. १८११ साली तो एर्लांगेनला परतला आणि त्याच वर्षी डॉक्टरेट मिळवली. विद्यापीठात तीन सत्रं शिकवलंही, पण तिथे पोट भरेल असा पगार नव्हता. १८१३ मध्ये बाम्बेर्गच्या एका शाळेत नोकरी मिळाली. ती शाळा साधारणच होती आणि १८१६ मध्ये तीही बंद पडली. मग त्याच गावातल्या दुसऱ्या, मुलांनी गच्च भरलेल्या शाळेत मदतीला पाठवलं गेलं.

या काळात त्याने भूमितीवर एक पुस्तक लिहिलं. १८१७ साली ते छापून आलं आणि त्याच वर्षी कोलोन शहरातल्या जुन्या जेझुइट शाळेत गणित आणि भौतिकशास्त्राच्या शिक्षकाची जागा मिळाली. ही शाळा चांगली होती. मुख्य म्हणजे तिथे भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा होती.

१८२० मध्ये डेन्मार्कच्या अर्स्टेडने दाखवलं होतं की तारेतून वीज वाहिली की जवळची चुंबकसूची वळते. ही बातमी युरोपभर पसरली. ओहमने शाळेच्या प्रयोगशाळेत हा प्रयोग करायला घेतला, आधी शिकवण्यासाठी आणि मग स्वतःच्या प्रश्नासाठी. प्रश्न साधा होता. तार लांब केली की वीज कमी होते हे दिसतं, पण नेमकी किती कमी होते?

बॅटरी दगा देते

१८२५ साली त्याने पहिला निबंध प्रसिद्ध केला, त्यात एक सूत्रही दिलं. ते सूत्र चुकीचं होतं. दोष गणितात नव्हता, बॅटरीत होता.

त्या काळातली बॅटरी म्हणजे व्होल्टाच्या पद्धतीची. दोन वेगळे धातू आणि मध्ये आम्लाचं किंवा मिठाचं पाणी. परिपथ जोडला की सुरुवातीला जोर असायचा, मग भराभर उतरायचा. तार काढली की थोड्या वेळाने पुन्हा वाढायचा. आता विचार करा, पहिली तार लावली तेव्हा बॅटरी ताजी होती आणि पाचवी लावली तेव्हा दमलेली. मग वीज कमी झाली ती तारेमुळे की बॅटरीमुळे? वजनकाटाच हलत असेल तर भाजीचं वजन काय सांगणार!

तेव्हा पोगेनडॉर्फ या संशोधकाने त्याला एक सल्ला दिला. बॅटरी सोडून द्या आणि सीबेकने १८२१ मध्ये शोधलेली युक्ती वापरा. दोन वेगळ्या धातूंचे सांधे करायचे, एक सांधा गरम ठेवायचा आणि दुसरा थंड, की परिपथात वीज वाहते. ती फार थोडी असते, पण तापमानातला फरक कायम ठेवला तर जोरही कायम राहतो.

ओहमने बिस्मथ आणि तांबं घेतलं. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. पाणी उकळतंय तोवर एक टोक ठरलेल्या तापमानावर आणि बर्फ वितळतोय तोवर दुसरंही. साध्या शाळेतही मिळतील अशा दोन गोष्टी, पण त्यांनी न हलणारा विजेचा स्रोत मिळाला.

मोजण्यासाठी त्याने चुंबकसूची एका पातळ धातूच्या पट्टीवर टांगली. वीज सुरू झाली की सूची वळायची. ती किती वळली हे मोजण्याऐवजी वरची पट्टी पिळून सूची पुन्हा मूळ जागेवर आणायची आणि किती पिळावं लागलं ते वाचायचं, अशी रीत त्याने ठेवली. सूची दर वेळी एकाच जागी आल्यामुळे तुलना खरी होत होती.

आठ तारा आणि एक सूत्र

जानेवारी १८२६. एकाच जाडीच्या तांब्याच्या आठ तारा. लांबी २, ४, ६, १०, १८, ३४, ६६ आणि १३० इंच. एकेक तार परिपथात लावायची आणि आकडा टिपायचा. त्यातले तीन आकडे पाहा.

- २ इंच तार : ३२६.७५
- ३४ इंच तार : १३४.५
- १३० इंच तार : ४८.५

तार लांब झाली की आकडा उतरतो हे उघड आहे. पण कोणत्या हिशोबाने? नुसती लांबी आणि आकडा यांचा गुणाकार केला तर काही जुळत नाही. ओहमच्या लक्षात आलं की वीज फक्त या तारेतून जात नाही. ती बिस्मथमधून, सांध्यांमधून, सगळ्या उपकरणातून फिरते. त्या सगळ्याचा अडथळाही मोजायला हवा. तो त्याने याच तारेच्या २०.२५ इंचाएवढा धरला. आता प्रत्येक लांबीत २०.२५ मिळवा आणि आकड्याने गुणा.

- २२.२५ × ३२६.७५ = सुमारे ७२७०
- ५४.२५ × १३४.५ = सुमारे ७२९७
- १५०.२५ × ४८.५ = सुमारे ७२८७

तिन्ही उत्तरं जवळजवळ सारखी! हा गुणाकार सहावी-सातवीच्या मुलांना फळ्यावर करायला लावा. नियम म्हणजे काय, हे त्यांना दहा मिनिटांत कळेल. सूत्र वरून पडत नाही, ते आकड्यांतून असं वर येतं.

म्हणजे वीज (आज आपण विद्युतधारा म्हणतो) = स्रोताचा जोर ÷ परिपथाचा सगळा अडथळा. जोराला आज आपण विभवांतर म्हणतो आणि अडथळ्याला रोध.

पुढचं पाऊल आपल्या विषयासाठी सगळ्यात महत्त्वाचं. ओहमने उपकरण तेच ठेवलं, तारा त्याच ठेवल्या आणि फक्त तापमानातला फरक कमी केला. पाहिलं तर २०.२५ हा आकडा तसाच राहिला आणि ७२८५ च्या आसपासचा आकडा मात्र खाली आला. म्हणजे एक आकडा परिपथाचा आहे आणि दुसरा स्रोताचा. दोन्ही वेगळे करता आले! इथून पुढे दोन बॅटऱ्यांचा जोर कोणाचा किती, हे अंदाजाने सांगायची गरज उरली नाही. परिपथ तोच ठेवा, बॅटरी बदला आणि आकडा वाचा.

पुस्तक आलं, नोकरी गेली

काम पुरं करायला वेळ हवा होता. १८२६ मध्ये ओहमने शाळेकडून वर्षभराची रजा घेतली, तीही अर्ध्या पगारावर, आणि तो बर्लिनला गेला. भाऊ मार्टिन तिथेच होता. १८२७ साली त्याचं पुस्तक प्रसिद्ध झालं, गॅल्व्हॅनिक परिपथाचा गणिती विचार मांडणारं. आता विद्यापीठात जागा मिळेल, अशी त्याला आशा होती.

झालं उलटंच. अनेकांना ते गणित समजलं नाही. निसर्गाचा अभ्यास अशा गणिताने करायचा ही कल्पनाच काही जणांना पटत नव्हती. पोल नावाच्या अभ्यासकाने त्यावर अतिशय कडक टीका लिहिली. मार्च १८२८ मध्ये ओहमने कोलोनच्या नोकरीचा राजीनामा दिला. नियम चुकीचा म्हणून त्याला शाळेने काढून टाकलं, असं पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं. तसं नाही. राजीनामा त्याने स्वतः दिला. पण अपमानाचं दुःख खरं होतं आणि पुढची चणचणही खरी होती. वय एकोणचाळीस, पक्की नोकरी नाही, बर्लिनमधल्या लष्करी शाळेत गणिताचे थोडे तास. अशी पाच वर्षं गेली. १८३३ मध्ये न्युरेंबर्गच्या तंत्रशाळेत प्राध्यापकाची जागा मिळाली.

या काळात नियम मात्र गप्प बसला नव्हता. जर्मनीत फेख्नरने १८३१ मध्ये स्वतः प्रयोग करून तो खरा ठरवला. १८४१ मध्ये पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर आलं आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीने ओहमला कोप्ले पदक दिलं. पुस्तकानंतर चौदा वर्षांनी, आणि तेही परदेशातून. पुढे १८४९ मध्ये त्याला म्युनिकला बोलावणं आलं. १८५२ मध्ये तो तिथल्या विद्यापीठात भौतिकशास्त्राचा मुख्य प्राध्यापक झाला. तरुणपणापासून मनात धरलेली ही जागा वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी मिळाली आणि फक्त दोन वर्षं लाभली. ६ जुलै १८५४ रोजी म्युनिकमध्ये त्याचं निधन झालं. १८८१ मध्ये पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत रोधाच्या एककासाठी ओहम हे नाव स्वीकारलं गेलं. ते ऐकायला तो नव्हता.

आणखी एक गोष्ट. इंग्लंडच्या हेन्री कॅव्हेंडिशने ओहमच्या कितीतरी आधी असाच नियम ओळखला होता. पण त्याने तो छापलाच नाही. शंभरेक वर्षांनी मॅक्सवेलने त्याच्या वह्या उघडल्या तेव्हा कळलं. ओहमने आधी चुकीचं सूत्रसुद्धा छापलं आणि वर्षभरात स्वतःच दुरुस्त केलं. जगाच्या उपयोगी पडला तो छापणारा. आपण वर्गात करून पाहिलेल्या गोष्टी लिहून ठेवायच्या की नाही, याचं उत्तर यात आहे.

बॅटऱ्यांची तुलना : पुढे काय झालं

१८४१ मध्ये त्याच पोगेनडॉर्फने एक छान रीत दिली. ज्या बॅटरीचा जोर मोजायचा तिच्यासमोर दुसरा जोर उलटा उभा करायचा आणि तो कमी-जास्त करत काटा शून्यावर आणायचा. दोन्ही जोर सारखे झाले की धारा वाहतच नाही. रस्सीखेचीत दोन्ही बाजू बरोबरीच्या असतील तर दोर हलत नाही, तसंच हे.

१८४३ मध्ये इंग्लंडच्या व्हीटस्टनने दुसरी रीत सांगितली. बदलता येणारा रोध घेऊन काटा एका खुणेवर आणायचा, मग रोध वाढवून दुसऱ्या खुणेवर. दुसरी बॅटरी लावून त्याच दोन खुणांमध्ये पुन्हा किती रोध वाढवावा लागला ते पाहायचं. वाढवलेल्या रोधांचं जे गुणोत्तर, तेच बॅटऱ्यांच्या जोराचं गुणोत्तर. दोन्ही रीती उभ्या आहेत ओहमच्या नियमावरच.

वर्गातली कृती : दोन सेलची रस्सीखेच

साहित्य : लहान होकायंत्र, रिकाम्या काडेपेटीचा आतला कप्पा, मोटार वाइंडिंगच्या दुकानात मिळते ती रोगण लावलेली तांब्याची बारीक तार, टॉर्चचा बल्ब, वेगवेगळ्या आकाराचे १.५ व्होल्टचे सेल.

१. होकायंत्र कप्प्यात ठेवून त्यावरून तारेचे ३०-४० वेढे घ्या. तारेच्या टोकांचं रोगण ब्लेडने खरवडून काढा (हे काम मोठ्यांनी करावं). कप्पा असा फिरवा की होकायंत्राचा काटा वेढ्यांना समांतर राहील.

२. एक सेल, बल्ब आणि हे वेटोळं एकापुढे एक जोडा. काटा कोणत्या बाजूला वळतो ते लिहून ठेवा. हा सेल ‘अ’.

३. आता दुसरा सेल ‘ब’ घ्या. ‘अ’ तसाच ठेवून दोघांची ऋण टोकं एकमेकांना जोडा. धन टोकांच्या मध्ये बल्ब आणि वेटोळं येऊ द्या. क्षणभरच टेकवा आणि सोडा.

४. काटा जागचा हलला नाही तर दोन्हींचं विभवांतर सारखं. आधीच्याच बाजूला वळला तर ‘अ’ वरचढ, उलट बाजूला वळला तर ‘ब’ वरचढ.

नवा पेन्सिल सेल आणि नवा मोठा सेल एकाच प्रकारचे असले तर काटा जवळजवळ हलत नाही. मुलांचा अंदाज चुकतो आणि खरा प्रश्न तिथे सुरू होतो. मग मोठा सेल घ्यायचा कशाला? तो जास्त वेळ टिकतो, आणि त्याचा आतला रोध सहसा कमी असतो म्हणून जास्त धारा देऊ शकतो. ओहमचा तो २०.२५ आठवा, स्रोताच्या आतही अडथळा असतोच.

मोठ्या वर्गासाठी मोजमापही करता येतं. बल्ब काढून १०० ओहमचा रोध लावा (बल्ब तापला की त्याचा रोध बदलतो, म्हणून मोजताना तो नको) आणि वेटोळ्याऐवजी मिलीअ‍ॅमीटर. आधी दोन्ही सेल एकाच दिशेने जोडून धारा मोजा, मग समोरासमोर जोडून. समजा पहिल्यांदा २९ आली आणि दुसऱ्यांदा १. बेरीज ३०, वजाबाकी २८. म्हणजे दोन सेलच्या विभवांतरांचं गुणोत्तर ३० : २८. एक १.५ व्होल्टचा असेल तर दुसरा १.४ व्होल्टचा. व्होल्टमीटर नसतानाही!

काळजी : समोरासमोर जोडलेले सेल तसेच सोडून देऊ नका, कमकुवत सेलमध्ये उलटी धारा जाते. मोबाइलची, गाडीची किंवा इन्व्हर्टरची बॅटरी आणि घरातला प्लग या कृतीत अजिबात नको. आणि काटा शून्यावर राहिला म्हणजे दोन्ही सेल चांगले, असंही समजू नका. दोन्ही सारखेच संपलेले असू शकतात!

पाठानंतर मुलांना विचारा

- ओहमने बॅटरी सोडून उकळतं पाणी आणि बर्फ का वापरला?
- तीनही गुणाकार अगदी तंतोतंत सारखे का आले नाहीत?
- एक नवा आणि एक जुना सेल रिमोटमध्ये एकत्र घालू नयेत, असं का म्हणतात?

दुसऱ्या प्रश्नाला घाई करू नका. मोजमापात थोडा फरक राहतोच आणि तो लपवायचा नसतो, हे मुलांनी स्वतः बोलून दाखवलं पाहिजे. कृती करून पाहिलीत तर आपल्या वर्गातले आकडे जरूर लिहून ठेवा. चुकले असले तरी ठेवा.